उबवण (विचारप्रक्रिया)

अवघड प्रश्न काही केल्या सुटत नसेल, तर तो बाजूला ठेवून झोप काढावी किंवा भलतेच काम करावे. पुन्हा हाती घेतल्यावर तो सुटण्याची शक्यता वाढते. मधल्या या काळाला उबवण म्हणतात. ब्रिटिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सर्जनशील विचाराचे चार टप्पे सांगितले: पूर्वतयारी, उबवण, उलगडा आणि पडताळा. उपमा चपखल आहे, कारण खुडूक कोंबडीखाली आधी अंडी ठेवावी लागतात, तशी उबवणीआधी पूर्वतयारी लागते. मराठी व्याकरणालाही हे ठाऊक असावे: आपण उत्तर ‘शोधतो’, पण ते आपल्याला ‘सुचते’, आणि सुचण्याच्या वाक्यात आपण कर्ते नसतो.

फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांना फ्रान्समधील कूतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना गणितातील फलांच्या (फंक्शन्सच्या) एका नव्या वर्गाचे अयुक्लिडीय (युक्लिडच्या गृहीतकांपासून वेगळ्या) भूमितीशी असलेले नाते उमगले. गाडीत बसून ते आधीच्या गप्पा पुढे मारत राहिले. पडताळा घेतला तो घरी परतल्यावर.

औषधशास्त्रज्ञ ओटो लोवी यांचा किस्सा याहून बोलका आहे. चेताकडून (मज्जातंतूकडून) अवयवाकडे जाणारा संदेश रासायनिक असावा, ही कल्पना त्यांच्या डोक्यात १९०३ पासून पडून होती. सिद्ध कसे करायचे, हे अडले होते. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझमध्ये असताना एका रात्री त्यांना जाग आली, कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी खरडले आणि ते परत झोपले. सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच पुन्हा सुचले, तेव्हा मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची चेता उद्दीपित करताच ठोके मंदावले. त्या हृदयातले द्रावण दुसऱ्या हृदयात घालताच तेही मंदावले. हा प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९३६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक लोवी यांना ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांच्यासह मिळाले. बेंझिन या रसायनाच्या वलयाकार रचनेमागचे जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांचे, स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेल्या सापाचे स्वप्न अधिक गाजलेले असले, तरी ते त्यांनी जाहीरपणे सांगितले १८९० साली, म्हणजे शोधानंतर पंचवीस वर्षांनी. त्यावर फार भिस्त ठेवू नये.

किश्शांपलीकडचा पुरावा २००४ साली जर्मनीतील ल्यूबेक येथून आला. आकड्यांच्या एका कंटाळवाण्या कोड्यात झटपट उत्तर देणारी आडवाट दडवलेली होती. सरावानंतर आठ तास झोपलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांना ती सापडली, जागे राहिलेल्यांपैकी २३ टक्क्यांना. आधी सराव न करता नुसतेच झोपलेल्यांना मात्र काही फायदा झाला नाही.

असे का होते, याबद्दल दोन मते आहेत. एक असे, की झोपेत मेंदूतील हिप्पोकॅम्पस दिवसाचे अनुभव पुन्हा घोळवतो आणि त्यातून नवे जोड जुळतात. दुसऱ्या मताप्रमाणे, चुकीच्या वाटेचा हट्ट विश्रांतीत सुटतो, एवढेच. मग फेरफटका किंवा भांडी घासणेही पुरते. दोन्ही एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

किती झोपावे, हा प्रश्न वेगळा. एडिसन हातात धातूचे गोळे धरून डुलकी घेत आणि ते पडताच जागे होत, असे सांगतात. २०२१ साली पॅरिसमधील संशोधकांनी तशाच आडवाटेच्या कोड्यावर हे तपासले. वीस मिनिटांच्या विश्रांतीत ज्यांचा निदान पंधरा सेकंद डोळा लागला, त्यांच्यापैकी ८३ टक्के लोकांना आडवाट गवसली. जागे राहिलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते, आणि त्याहून गाढ झोपेत शिरलेल्यांत अवघे १४.