आतडं गळतं, यकृत पेटतं

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७० ते ७५ टक्के रक्त आतड्यांकडून, पोर्टल शिरेतून येतं. त्यामुळे आतड्यात जे बिघडतं त्याचा पहिला चटका यकृताला बसतो. दारूपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे ढिले करतं. मग जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन रक्तात झिरपतं, यकृतातल्या कुप्फर पेशी (जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशी) चवताळतात आणि सूज धरते. शिवाय सततच्या पिण्याने लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम हे चांगले जिवाणू घटतात आणि ई. कोलायच्या कुळातले जिवाणू वाढतात.

मग चांगले जिवाणू, म्हणजे प्रोबायोटिक, गोळीतून दिले तर? रशियातल्या ६६ पुरुष रुग्णांवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच दिवस बिफिडोबॅक्टेरियम बिफिडम आणि लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम घेतलेल्यांचे एएसटी, एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त उतरले. पण दारू दोन्ही गटांची बंद होती, आणि ती थांबली की हे आकडे तसेही उतरतात. पाच दिवसांत यकृत वाचलं की नाही, ते कळत नाही.

जास्त वजन चंदीगडच्या २०१४ च्या चाचणीला द्यावं. यकृत निकामी झाल्याने येणाऱ्या भ्रमातून नुकतेच सावरलेले सिरोसिसचे (यकृत व्रण धरून कडक होण्याच्या आजाराचे) १३० रुग्ण त्यात होते. काहींना सहा महिने रोज ९० हजार कोटी जिवाणूंचं मिश्रण दिलं, बाकीच्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली मात्रा. भ्रमामुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण प्रोबायोटिकच्या गटात प्लासिबोच्या गटापेक्षा निम्म्याहून कमी राहिलं. भ्रमाचे झटके मात्र खात्रीने कमी झाले, असं म्हणता आलं नाही.

म्हणून पाकिटावर नुसतं ‘प्रोबायोटिक’ लिहिलेलं पुरत नाही. जिवाणूचा कोणता स्ट्रेन (उपप्रकार), मुदत संपेपर्यंत किती जिवंत जिवाणू, फ्रिजमध्ये ठेवायचं का, हे वाचावं. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्ही एकदम घेऊ नयेत, काही तासांचं अंतर ठेवावं. घरचं दही जरूर खावं, त्यातलं प्रोटीन हवंच असतं. पण विरजणात कोणते जिवाणू किती, हे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा त्याला डोस समजू नये. अतिदक्षता विभागातल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात हेच जिवंत जिवाणू रक्तात शिरू शकतात. तिथे स्वतःच्या मनाने कॅप्सूल देऊ नये.

आणि प्रोबायोटिक सुरू केलं म्हणून लॅक्टुलोज (भ्रम टाळण्यासाठी दिलं जाणारं, शौचाला साफ करणारं औषध) थांबवणं ही घरोघरी होणारी चूक. त्याची मात्रा दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकी ठेवतात. जुलाब लागले तर शरीरातलं पाणी घटून भ्रम उलट वाढतो.