शेवटचा फटका चुकला, म्हणून सामना त्यानेच घालवला का?

१७ जुलै १९९४ रोजी अमेरिकेतील पासाडेना येथील रोझ बोल मैदानावर इटलीच्या रॉबेर्तो बाज्जोने मारलेला चेंडू क्रॉसबारवरून (गोलच्या वरच्या आडव्या दांडीवरून) उंच निघून गेला आणि ब्राझीलने फुटबॉलचा विश्वचषक चौथ्यांदा जिंकला. १२० मिनिटांच्या खेळात दोन्ही संघांना एकही गोल करता आला नव्हता, त्यामुळे निकाल पेनल्टी शूटआऊटवर, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने मारायच्या पाच-पाच फटक्यांवर गेला आणि तो ३-२ असा लागला. इटलीचा विश्वचषक बाज्जोने घालवला, असे तेव्हापासून आजवर असंख्य वेळा म्हटले गेले आहे. खेळाविषयीची बहुतेक मते वादातच विरून जातात. हे मत मात्र आकड्यांवर तपासून पाहता येते आणि त्यासाठी शाळेत शिकवल्या जाणाऱ्या संभाव्यतेच्या गणितापलीकडे फारसे काही लागत नाही.

पेनल्टीचे साधारण चारपैकी तीन फटके गोलात जातात. प्रत्येक फटका यशस्वी होण्याची शक्यता ७५ टक्के धरली, पाच-पाच फटक्यांनंतर बरोबरी राहिल्यास दोन्ही संघांना समान संधी आहे असे मानले, तर शूटआऊटमध्ये प्रत्येक फटक्यानंतर इटलीच्या विजयाची शक्यता किती उरली होती हे काढता येते. सुरुवातीला ती अर्थातच ५० टक्के होती. इटलीचा पहिलाच फटका कर्णधार फ्रांको बारेसीने क्रॉसबारवरून मारला आणि ती एकदम २९ टक्क्यांवर आली. लगेच ब्राझीलच्या मार्सिओ सांतोसचा फटका इटलीचा गोलरक्षक पाल्युकाने अडवला, त्यामुळे पारडे पुन्हा समान झाले. त्यानंतरचे दोन-दोन फटके दोन्ही बाजूंनी गोलात गेले. इटलीचा चौथा फटका डॅनिएले मास्सारोचा होता. तो ब्राझीलचा गोलरक्षक ताफारेलने अडवला आणि इटलीची शक्यता ५० वरून १९.५ टक्क्यांपर्यंत कोसळली. पुढच्या फटक्यावर ब्राझीलचा कर्णधार डुंगा याने गोल केला तेव्हा ती ९.४ टक्के उरली. बाज्जो चेंडूकडे चालत निघाला तो या टप्प्यावर.

म्हणजे बाज्जोच्या फटक्याने इटलीचे नऊ-साडेनऊ टक्के गेले, बारेसीच्या फटक्याने २१ आणि मास्सारोच्या फटक्याने ३० टक्क्यांहून अधिक. बाज्जोने गोल केला असता तरी गुण ३-३ झाले असते, ब्राझीलचा पाचवा फटका शिल्लक राहिला असता आणि इटलीच्या विजयाची शक्यता १२.५ टक्क्यांच्या वर गेली नसती. आता जगभरातल्या फुटबॉलप्रेमींना विचारून पाहावे: बाज्जोचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, बारेसीचा फटका काहींना आठवतो आणि मास्सारोचा जवळपास कोणालाच आठवत नाही. दोषाच्या वाटपाचा क्रम गणिताच्या क्रमाच्या नेमका उलटा आहे. (ब्राझीलच्या मार्सिओ सांतोसचे नाव तर कोणत्याच यादीत नसते, कारण त्याचा संघ जिंकला.)

हे गणित ढोबळ आहे, कारण प्रत्येक फटक्यावरील दडपण सारखे नसते. नॉर्वेचे संशोधक गायर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतील शूटआऊटचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की, गोल झाल्यास संघ थेट जिंकणार असेल तेव्हा दहापैकी सुमारे नऊ फटके यशस्वी होतात, तर चुकल्यास संघ थेट हरणार असेल तेव्हा दहापैकी जेमतेम सहाच. बाज्जोचा फटका या दुसऱ्या प्रकारातला होता आणि त्याने गोल केला असता, तर ब्राझीलचा पाचवा फटका पहिल्या प्रकारातला झाला असता. हे आकडे हिशेबात घेतले, तर बाज्जो चेंडूपाशी पोहोचला तेव्हा इटलीकडे घालवण्यासारखे जे काही उरले होते ते तीन टक्केच भरते.

मग लोकांची नजर शेवटच्या चुकीवरच का खिळते? डेल मिलर आणि साकू गुणसेगरम या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एक साधा प्रसंग लोकांपुढे मांडला. दोन व्यक्तींनी एकापाठोपाठ एक नाणे उडवायचे; दोघांचा कौल सारखा आला तर दोघांनाही बक्षीस, नाही तर कोणालाच काही नाही. पहिल्याचा छापा पडतो, दुसऱ्याचा काटा, आणि बक्षीस हुकते. येथे दोघांचा वाटा तंतोतंत सारखा आहे, कौशल्याचा तर प्रश्नच नाही. तरीही दुसऱ्यालाच अपराधी वाटेल आणि पहिला त्यालाच दोष देईल, असे बहुसंख्य लोकांनी सांगितले. पहिला कौल लागला की आपले मन त्याला पक्की पार्श्वभूमी मानते आणि ‘असे झाले असते तर’ हा विचार फक्त शेवटच्या कृतीपाशी करते. फुटबॉलमध्ये ही ओढ आणखी बळावते, कारण शेवटच्या फटक्याच्या वेळी मैदानावर दुसरे काहीच घडत नसते. सगळे कॅमेरे एकाच माणसावर रोखलेले असतात.

शूटआऊटमध्ये कोणी तरी चुकणार हे जवळपास ठरलेलेच असते. दहा फटके झाले आणि प्रत्येकी ७५ टक्के शक्यता धरली, तर दहाही गोलात जाण्याची शक्यता सहा टक्क्यांहूनही कमी भरते. कोण चुकणार एवढेच काय ते बाकी असते.

खुल्या खेळातही परिस्थिती फार वेगळी नाही, कारण फुटबॉलमध्ये गोल अत्यंत कमी होतात. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून तीनही नाहीत. एका संघाच्या खेळाची गुणवत्ता सरासरी दीड गोल होण्याइतकी आणि दुसऱ्याची एक गोल होण्याइतकी असेल, तर नेहमीच्या सांख्यिकी प्रतिमानानुसार कमकुवत संघ चारपैकी एक सामना जिंकतो आणि आणखी एकात बरोबरी साधतो. चांगला खेळलेला संघ हरला म्हणजे कोणी तरी घात केला असलाच पाहिजे, हे गृहीतकच त्यामुळे डळमळते.

जबाबदारी मोजण्याचा एक नेटका प्रयत्न हाना चॉकलर आणि जोसेफ हॅल्पर्न या संगणकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये केला. समजा अकरा जणांनी मतदान केले आणि एक उमेदवार ११-० असा निवडून आला. यातील एका मतदाराचे मत निर्णायक ठरायचे असेल, तर आधी इतर पाच जणांची मते बदलावी लागतील. म्हणून त्याची जबाबदारी एक षष्ठांश धरायची. निकाल ६-५ असेल, तर विजयी बाजूच्या प्रत्येकाचे मत निर्णायक ठरते आणि त्या सहाही जणांची जबाबदारी पूर्ण एक भरते. या मांडणीतली महत्त्वाची गोष्ट अशी की, जबाबदारी ही वाटून संपणारी रक्कम नाही. एका गोलाने गमावलेल्या सामन्यात हुकलेली संधी, सुटलेला प्रतिस्पर्धी आणि गोलरक्षकाची चूक यांपैकी प्रत्येक गोष्ट एकट्याने निकाल बदलू शकली असती, म्हणून प्रत्येक जण पूर्ण जबाबदार ठरतो. ७-१ अशा पराभवात मात्र एकेकाची जबाबदारी घटते. व्यवहारात आपण नेमके चुकतो ते चुरशीच्या सामन्यात: तिथे अनेकांची जबाबदारी पूर्ण असते आणि आपण खापर एकाच्याच माथी फोडतो.

ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा याच्या वाट्याला हे आयुष्यभर आले. १६ जुलै १९५० रोजी रिओ द जानेरोच्या माराकाना मैदानावर विश्वचषकासाठी ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध बरोबरीही पुरेशी होती. ४७ व्या मिनिटाला फ्रियासाने ब्राझीलला आघाडी मिळवून दिली. ६६ व्या मिनिटाला उरुग्वेच्या घिजियाने उजव्या बगलेवरून मुसंडी मारून चेंडू मध्ये दिला आणि शियाफिनोने बरोबरी साधली. ७९ व्या मिनिटाला घिजिया त्याच बगलेवरून पुन्हा आत शिरला. तो पहिल्यासारखाच चेंडू मध्ये देईल, या अंदाजाने बार्बोसा किंचित पुढे सरकला. घिजियाने मात्र गोलरक्षक आणि जवळचा खांब यांच्यामधल्या फटीतून थेट फटका मारला. उरुग्वेने सामना २-१ असा जिंकला.

बार्बोसाचा अंदाज मूर्खपणाचा होता का? तेरा मिनिटांपूर्वी तशाच स्थितीतून तसाच गोल झालेला होता आणि पुढे सरकणे हा त्यावरचा समंजस उपाय होता. घिजियाने चेंडू मध्ये दिला असता आणि बार्बोसाने तो झेलला असता, तर त्याच हालचालीचे कौतुक झाले असते. निर्णयाचे मोल त्याच्या परिणामावरून ठरवण्याची ही खोड जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये प्रयोगांतून दाखवली: एकाच माहितीच्या आधारे डॉक्टरने घेतलेला शस्त्रक्रियेचा तोच निर्णय, रुग्ण वाचला असे सांगितले तर लोकांना अधिक चांगला वाटतो आणि रुग्ण दगावला असे सांगितले तर वाईट. शिवाय गोलरक्षकाची जागाच अशी आहे की, आघाडीवीराची चूक धावफलकावर उमटत नाही, त्याची मात्र लगेच उमटते. उरलेल्या अकरा मिनिटांत ब्राझीलच्या आघाडीवीरांना बरोबरीचा एक गोल करता आला नाही, याबद्दल कोणाला पन्नास वर्षे जाब द्यावा लागला नाही. ब्राझीलमध्ये कमाल शिक्षा तीस वर्षांची आहे, आपण मात्र पन्नास वर्षे भोगतो आहोत, असे बार्बोसा म्हणत असे. त्या पराभवासाठी मुख्यतः ज्यांना धारेवर धरले गेले ते बार्बोसा आणि बचावफळीतले बिगोदे व जुवेनाल हे तिघेही कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी मला वाटत नाही.

दोषाची भीती खुद्द खेळावरही परिणाम करते. इस्रायलचे मायकेल बार-एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८६ पेनल्टी तपासल्या. त्यांपैकी सुमारे २९ टक्के फटके गोलच्या मध्यभागी मारलेले होते, तरी गोलरक्षक मध्यभागी थांबल्याची उदाहरणे केवळ सहा टक्के. चेंडू अडवण्याची शक्यता जागेवर थांबल्यास सर्वाधिक होती. पण झेप घेऊन गोल झाला तर ‘प्रयत्न केला’ असे म्हणतात, जागेवर उभे राहून झाला तर ‘नुसता बघत राहिला’ असे.

तरीही कोणालाच कधी दोष देता येत नाही, असे मला म्हणायचे नाही. २००६ च्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिनेदिन झिदानने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर डोके आपटले आणि ११० व्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. फ्रान्स हरला तो शूटआऊटमध्ये: त्रेझेगेचा फटका क्रॉसबारला लागला आणि इटलीने पाचही गोल केले. पराभवाच्या कारणांत झिदानच्या कृतीचा वाटा बहुधा लहानच होता, पण ती कृती टाळणे पूर्णपणे त्याच्या हातात होते, म्हणून दोष मोठा. बाज्जोची गोष्ट याच्या उलट आहे. फटका गोलात जावा यासाठी त्याला जे करता येण्यासारखे होते ते त्याने केले होते. कारण किती आणि दोष किती हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर त्या माणसाला त्या क्षणी काय शक्य होते यावर अवलंबून असते.

ते ‘शक्य’ कधी कधी बाहेरून दिसतही नाही. २०१८ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा गोलरक्षक लोरिस कारियुस याच्या दोन ढोबळ चुकांमुळे रियल माद्रिदला दोन गोल मिळाले आणि त्याची जगभर टिंगल झाली. काही दिवसांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी त्याला तपासले, तेव्हा सामन्यात त्याच्या मेंदूला हादरा बसला होता, असे निदान झाले. त्याला जाणवणाऱ्या अडचणींत दृष्टी आणि अवकाशाच्या आकलनाशी संबंधित बिघाड होता आणि तो त्याच्या खेळावर परिणाम करू शकेल असा होता. चुका त्यामुळेच झाल्या हे यातून सिद्ध होत नाही. पण सामना संपल्यानंतर तासाभरात निकाल देऊन मोकळ्या झालेल्यांपैकी कोणाकडेही ही माहिती नव्हती.

वेम्ब्ली मैदानावर ११ जुलै २०२१ रोजी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे रॅशफर्ड, सँचो आणि साका यांचे फटके चुकले आणि तिघांनाही वर्णद्वेषी शिव्या खाव्या लागल्या. त्यांतले पहिले दोघे जादा वेळ संपता संपता केवळ पेनल्टीसाठी मैदानात आणलेले होते. साका १९ वर्षांचा होता आणि त्याच्या वाट्याला आलेला पाचवा फटका दहापैकी सहाच वेळा यशस्वी होणाऱ्या प्रकारातला होता. फटके कोणी मारायचे हे आपण सरावातील कामगिरीवरून ठरवले होते आणि जबाबदारी आपली आहे, असे प्रशिक्षक गॅरेथ साऊथगेट यांनी लगेच सांगितले. प्रश्न त्यामुळे योग्य जागी गेला, पण साऊथगेट यांनाही तीच कसोटी लावायला हवी: तीन फटके चुकले म्हणून नव्हे, तर सरावातील आकडे त्यांच्यापुढे असताना, चेंडूला जेमतेम स्पर्श झालेल्या दोघांना आणि सर्वांत तरुणांपैकी एकाला शेवटचे तीन फटके देणे त्या वेळी शहाणपणाचे होते का, यावर त्यांच्या निर्णयाचे मोल ठरते.