पिकअपचे ब्रेक पॅड आणि डिस्क : बदली भागांची निवड (ग्रामीण विदर्भ)

ब्रेक पॅड आणि डिस्क : मालवाहू पिकअप गाडीच्या पुढच्या चाकांतील, एकमेकांना झिजवणारी जोडी. डिस्क (रोटर) ही चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. पॅड म्हणजे पोलादी पाठीवर बसवलेला घर्षणद्रव्याचा तुकडा. पायाखालचे पेडल दाबले की कॅलिपरमधला (पॅड धरून ठेवणाऱ्या पकडीतला) पिस्टन दोन पॅडांच्या चिमट्यात डिस्क धरतो, आणि गाडीच्या वेगाची उष्णता होते. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या बोलेरो पिकअप, टाटा एस, दोस्त अशा बहुतेक गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, ज्याला आतून घर्षणद्रव्याचे लायनर घासतात. त्यामुळे ‘ब्रेक बनवून घेणे’ म्हणजे पुढचे पॅड बदलणे, असा सर्रास समज आहे. डिस्क न मोजता आणि मागचे ड्रम न उघडता टाकलेले चांगल्यातले चांगले पॅडही मग लवकर संपतात.

मालासह ३ टन भरणारी गाडी ताशी ६० किमी वेगावरून थांबवली की सुमारे ४ लाख जूल उष्णता तयार होते. वेग ८० असेल तर ती ७ लाखांच्या वर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट जाते. यातला मोठा वाटा पुढच्या चाकांना झेलावा लागतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढे झुकते. सपाट रस्त्यावर दोन थांब्यांच्या मधे डिस्क निवून जाते. मेळघाटात तशी सवड मिळत नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या आसपास, तर पायथ्याचे परतवाडा ३७० मीटरच्या आसपास. हे सातशे मीटर उतरताना त्याच गाडीला २ कोटी जूल ऊर्जा कुठेतरी सोडावी लागते. ६० च्या वेगावरून पन्नासदा गाडी उभी करण्याइतकी. खालच्या गिअरमध्ये इंजिनाने यातला बराच भाग उचलला नाही, तर सगळा भार पॅडांवर येतो. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्याला बाजारातला कोणताच पॅड पुरा पडत नाही. गंमत म्हणजे त्यात डिझेलही वाचत नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंधन तुटते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते.

म्हणून निवडीची सुरुवात खेपेपासून करावी. वरुड-मोर्शीकडून संत्र्याचे कॅरेट घेऊन नागपूरच्या कळमना बाजारात जाणारी गाडी, वणी-चंद्रपूरच्या कोळशाच्या धुळीत दिवसभर फिरणारी गाडी, भंडारा-गोंदियात धानाच्या बांध्यांमधून चिखल तुडवत जाणारी गाडी आणि धारणी-सेमाडोहच्या वळणांवर किराणा पोचवणारी गाडी, या चौघींचे मॉडेल एकच असले तरी पॅडांची गरज एक नसते.

घर्षणद्रव्याचे ढोबळ तीन प्रकार मिळतात. सेंद्रिय (ऑरगॅनिक) पॅड मऊ, आवाज न करणारे आणि डिस्कला जपणारे. पण फार तापले की त्यांची पकड सुटते. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडी तंतू व पूड असते. ते उष्णता चांगली सोसतात, पण थंड असताना थोडे उशिरा पकडतात, कधी करकरतात आणि डिस्क जास्त खातात. सिरॅमिक पॅड शांत आणि कमी भुकटी पाडणारे असतात. त्यांची खरी जागा शहरातल्या मोटारीत. भरून चालणाऱ्या पिकअपला सेमी-मेटॅलिक घ्यावेत. डिस्क थोडी लवकर जाईल, पण ती पैशात भरून काढता येते. वाशीम-हिंगोलीसारख्या सपाट रस्त्यावर हलका माल नेणाऱ्याने गाडीबरोबर आलेल्या मूळ प्रतीचेच पॅड घ्यावेत. महागडा पर्याय शोधण्याचे कारण नाही.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेल्या आकड्यांच्या ओळीत बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरे सापडतात : ईई, एफएफ, जीएफ अशी. अमेरिकी एसएई संस्थेच्या संकेतानुसार पहिले अक्षर साधारण तापमानातला घर्षणांक (पकडीचे माप) सांगते, दुसरे तापलेल्या अवस्थेतला. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. घाटात फिरणाऱ्याने तो घेऊ नये. दोन्ही एफ असलेला पॅड बहुतेकांना पुरतो. अर्थात ही चाचणी छोट्या तुकड्यावर, साधारण ३४० अंश सेल्सिअसपर्यंतच होते आणि पॅड किती टिकेल याबद्दल ही अक्षरे काहीच सांगत नाहीत. जास्त अक्षर म्हणजे जास्त चांगले, असेही नाही. पुढे जी आणि मागे जुने घासलेले लायनर असतील, तर ओल्या डांबरावर पुढची चाके आधी जाम होतात आणि स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जाते.

डिस्क. नवे पॅड आणले आणि डिस्क तशीच ठेवली, हा गॅरेजमधला नित्याचा प्रकार. चाक काढल्यावर डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून नख आत ओढावे. नखाला ओठासारखी उंच कड लागली, तर तेवढे बीड आतून झिजले आहे. पण निर्णय नखावर करायचा नसतो. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या घमेल्यासारख्या भागावर किमान जाडीचा आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो. गंज आणि मातीखाली तो दिसत नाही, वायर ब्रशने घासावे लागते. मग मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी जाडी घ्यायची. साधा व्हर्निअर कडेच्या ओठावर अडकतो आणि जाडी जास्त दाखवतो, त्यामुळे बाद डिस्क पास होते. समजा किमान २० मिमी लिहिले आहे आणि माप २०.३ आले. अशी डिस्क लेथवर कातायला दिली तर ती कातून परत येतानाच बाद होते. तिथे नवीन जोडीच घ्यावी. पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला बीडच कमी उरते, आणि मधून हवा खेळणाऱ्या व्हेंटिलेटेड डिस्कमध्ये तर दोन्ही बाजूंचे पापुद्रेच झिजत असतात.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले की ‘डिस्क वाकडी झाली’ असे निदान होते. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी एकसारखी राहिलेली नसते. त्याचे एक कारण अगदी क्षुल्लक : डिस्क बसवताना हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) तोंडावरचा गंज किंवा वाळलेली काळी माती साफ केलेली नसते. तिथला केसाएवढा उंचवटा बाहेरच्या कडेला मोठी लचक होऊन येतो. डायल गेजवर ही लचक ०.१ मिमीच्या आत हवी. नाही तर हजारो फेऱ्यांत पॅड डिस्कला एकाच जागी घासून पातळ करतात आणि दोन-तीन महिन्यांनी नव्या डिस्कलाही थरथर सुरू होते. मग दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो.

भोके पाडलेल्या किंवा चिरा असलेल्या देखण्या डिस्क पिकअपला नकोत. काळ्या मातीच्या चिखलाने भोके बुजतात आणि तापणे-निवणे चालू राहिले की भोकांच्या कडेपासून तडे जातात. साधी, गुळगुळीत, मूळ मापाची डिस्क उत्तम. मात्र मूळ माप म्हणजे नुसता व्यास नव्हे. जाडी, घमेल्याची उंची, मधले भोक आणि बोल्टांचे वर्तुळ, चारही जुळले पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे निकष आल्यानंतर काही मॉडेलांचे सुटे भाग बदलले. त्यामुळे ‘बोलेरोचे पॅड द्या’ एवढ्यावर भागत नाही. चेसिस नंबर द्यावा आणि जुना पॅड खिशात घालून न्यावा.

पाटे आणि मागचे ब्रेक. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या हंगामात गाडी बसू नये म्हणून मागे एक-दोन पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून घेतात. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या आसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडीचा सांगाडा मालाने किती दबला, यावरून तो मागच्या ब्रेकला जाणारा दाब ठरवतो : गाडी रिकामी तर दाब कमी, भरली तर जास्त. पाटे वाढवले की वीस क्विंटल भरूनही सांगाडा पुरेसा दबत नाही आणि व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. मागचे ब्रेक अर्ध्या दाबाने लागतात आणि ओझे पुढच्या पॅडांवर येते. सहा महिन्यांत पॅड संपले म्हणून कंपनी बदलणाऱ्या कित्येकांचा खरा दोष या व्हॉल्व्हच्या दांडीत असतो. पाटे वाढवले असतील तर दांडीची जुळणी माहीतगार मिस्त्रीकडून पुन्हा करून घ्यावी. ड्रमचे लायनर तेलकट झाले असतील किंवा त्यांची ॲडजस्टमेंट गंजून अडकली असेल, तरी परिणाम तोच.

जुने पॅडही बरेच बोलतात. आतला पॅड संपला आणि बाहेरचा निम्मा उरला, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत किंवा पिस्टन मागे सरकत नाही. पावसाळ्यात रपट्यावरून, नाल्यातून गेलेल्या गाडीत हे हमखास होते. पिनेचे रबर फाटले की पाणी आत जाते. पिना साफ करून त्यांना सिलिकोनचे ब्रेक ग्रीस द्यावे, चाकाच्या बेअरिंगचे नव्हे. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर पॅड वाजवीपेक्षा तापले आहेत. घर्षणद्रव्य ३ मिमी उरले की पॅड बदलावेत. काही पॅडांना एक पोलादी जीभ असते. द्रव्य संपत आले की ती डिस्कला लागून किंचाळते. टपावरचा माल आणि मोठ्याने लावलेले गाणे यांत ती ऐकू येत नाही, हा भाग वेगळा. भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.

घर्षणद्रव्याचा उद्योग या भागाला परका नाही. भंडाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान कॉम्पोझिट्सचा कारखाना आहे. या कंपनीचे पूर्वीचे नाव हिंदुस्थान फेरोडो. फेरोडो हे नाव ज्याच्या आडनावावरून घडले त्या हर्बर्ट फ्रूडने १८९७ मध्ये इंग्लंडात घोडागाड्यांच्या ब्रेकवर प्रयोग सुरू केले होते.

ब्रेक ऑइल याच वेळी बदलावे, कारण ते हवेतली ओल शोषते. डॉट-३ प्रतीचे ऑइल ताजे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि उतारावर पेडल अचानक खाली जाते. नवे पॅड कितीही चांगले असले तरी मग उपयोग नाही.

पॅड आणि डिस्क नेहमी दोन्ही बाजूंना एकदम बदलतात. हे काम दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात उरकलेले बरे. गाडी तशीही धुऊन हार घालायची असते, आणि त्यानंतर कापूस-संत्र्याच्या हंगामात गॅरेजला वेळ नसतो आणि मालकालाही. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढावे. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबावे. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिला ब्रेक लागतच नाही. मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, गाडी रिकामी असताना, ताशी ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा हळू दाबत वेग कमी करायचा, मधे थोडे चालवून ब्रेक निवू द्यायचे, आणि पूर्ण थांबायचे नाही. यातून पॅडच्या द्रव्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. परत आल्यावर गाडी वॉशिंग सेंटरवर नेऊन तापल्या डिस्कवर पाणी मारू नये. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांजवळ, हात न लावता, तळवा धरून पाहावा : दोन्हीकडे धग सारखी लागली तर दोन्ही कॅलिपर सारखे काम करत आहेत, एक चाक थंड असेल तर त्या बाजूची पिन पुन्हा उघडावी लागते.