मतदारावरील धाक (मराठवाडा)

निवडणुकीत मत मिळवण्यासाठी, मत रोखण्यासाठी किंवा विरोधात उभे राहू पाहणाऱ्याला आधीच गप्प बसवण्यासाठी भीतीचा केलेला वापर. मराठवाड्यात त्याला धाक, दहशत, दम देणे असे शब्द आहेत. काठी-बंदूक क्वचितच निघते. बहुतेक वेळा 'गावात राहायचंय ना?' एवढे विचारले की काम होते. हा धाक दोन गोष्टींवर उभा असतो : मतदार कुणावर तरी अवलंबून असतो, आणि आपले मत कळणारच, अशी त्याची खात्री असते.

अवलंबून असण्याची साखळी लांब आहे. उसाची नोंद कारखान्याकडे असते आणि तोडीची पाळी चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या हातात. उभा ऊस मार्च-एप्रिलपर्यंत शेतात राहिला तर वजन घटते आणि वर्षाचे गणित बुडते. शेतकऱ्याला हे कुणी सांगावे लागत नाही. ऊसतोड मजुराने मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. घरकुलाच्या यादीतले नाव, विहिरीचे अनुदान, सोसायटीचे कर्ज, उन्हाळ्यात वस्तीवर येणारा टँकर यांच्या किल्ल्या गावातल्या दोन-चार माणसांकडे असतात. हक्काची गोष्ट उपकार म्हणून दिली जाते, म्हणून ती काढून घेण्याची धमकीही देता येते. 'आपलं सरकार गेलं तर पैसे बंद होतील' हे वाक्य महिलांच्या खात्यावर येणाऱ्या रकमेबाबत सर्रास ऐकू येते.

दुसरा आधार, म्हणजे मत कळण्याची खात्री, आधी शपथेतून येतो : माणसाला नाही तरी देवाला कळेल. मतदानाच्या आदल्या रात्री घरात पाकीट येते आणि पाकिटासोबत बेल-भंडारा, म्हणजे बेलाची पाने आणि हळद; तो उचलणे म्हणजे देवाची शपथ घेणे. घरातल्या कर्त्याने तो उचलायचा, बायकांनीही हात लावायचा. दुसऱ्या दिवशी यंत्रासमोर ती बाई एकटी असते, पडद्याआड तिला कुणीही पाहत नाही; पण कपाळाला लावलेला भंडारा तिच्यासोबत आत गेलेला असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(२) ने नेमके हेच ओळखले आहे. दैवी कोप होईल असे मतदाराला भासवणे, तसेच वाळीत टाकण्याची किंवा जातीबाहेर काढण्याची धमकी देणे हा त्यानुसार भ्रष्टाचार ठरतो. कायदा इतका स्पष्ट असताना बेल-भंडाऱ्याची तक्रार मात्र कुणी करत नाही, कारण साक्ष द्यायला भावकीतलाच माणूस लागतो.

'मत कळते' ही समजूत अगदी खोटी नाही, आणि या विषयातली सर्वांत दुर्लक्षिलेली बाब हीच आहे. एकट्याचे मत गुप्त राहते, वस्तीचे राहत नाही. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पेट्यांतल्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळण्याची सोय होती. यंत्रे आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा जाहीर होऊ लागला. एखाद्या तांड्याचे किंवा दलित वस्तीचे मतदान एकाच केंद्रावर असेल तर 'कुणी दगा दिला' हे शोधायला गुप्तहेर लागत नाही. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात तर मतेच काही शे असतात. तिथे घरे मोजून हिशेब लागतो. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर यंत्र वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. ते अजून वापरात आलेले नाही.

या प्रदेशाला भीतीची जुनी ओळख आहे. निजामी राजवटीत गश्ती निशान ५३ या परिपत्रकान्वये सभेला आधी परवानगी घ्यावी लागे. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. मुक्तिसंग्रामाच्या अखेरच्या काळात गावोगाव रझाकारांची दहशत होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, आणि त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड या भागांत मुस्लिमांवर भीषण हल्ले झाले. पहिली आठवण जाहीर सांगितली जाते, दुसरी घरात दबक्या आवाजात. पुढच्या प्रत्येक प्रचाराला ही दोन्ही कोठारे उपलब्ध राहिली. औरंगाबादेत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून 'खान हवा की बाण' (मुस्लिम उमेदवार की शिवसेनेचा धनुष्यबाण) ही घोषणा चालली ती याच जोरावर. रस्ते, पाणी, रोजगार सगळे त्या एका प्रश्नामागे गेले.

जातीच्या धाकाची सर्वांत क्रूर खूण १९७८ ची आहे. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. विधिमंडळाचा ठराव सोळा वर्षे अडकून राहिला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सभागृहात बहुमत असूनही रस्त्यावरची भीती ते थोपवू शकते, याचे एवढे लख्ख उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

अलीकडचे वळण बीडचे. २०२४ ची लोकसभा निवडणूक मराठा आणि ओबीसी अशी विभागली गेली, निकाल ६,५५३ मतांनी लागला आणि त्यानंतर काही गावांत दुसऱ्या समाजाच्या दुकानातून किराणा घ्यायचा नाही, हॉटेलात चहा प्यायचा नाही अशा शपथा झाल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१७ पासून लागू आहे. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून करण्यात आला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून तो झाल्याचा आरोप आहे. निवडून आलेल्या सरपंचाची ही गत, तर साध्या मतदाराने तोंड उघडायचे कसे, हा प्रश्न तेव्हा जिल्ह्यात घराघरांत विचारला गेला. पुढे बीडमध्ये शस्त्रपरवाने तपासून अनेक रद्द झाले, जात कळू नये म्हणून पोलिसांच्या नावपाट्यांवरून आडनावे काढली गेली.

धाकाचा एक प्रकार आकडेवारीत कधीच येत नाही, तो म्हणजे बिनविरोध निवडणूक. सगळ्या बिनविरोध निवडणुका दबावाच्या नसतात, काही खरोखर सामोपचाराने होतात. पण अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी तहसीलच्या आवारात उमेदवाराच्या दोन्ही बाजूंना चालणारी माणसे पाहिली की फरक कळतो. तिथे मताची वेळच येत नाही. जिथे येते, तिथे निकालाच्या रात्री पारावर मतदार यादी आणि केंद्राचा आकडा शेजारी शेजारी ठेवले जातात, आणि कुणीतरी पेनने घरांवर खुणा करत जातो.