आयएफएससी कोड, एमआयसीआर कोड आणि बँकेची शाखा

आयएफएससी म्हणजे इंडियन फायनान्शियल सिस्टम कोड. ११ अक्षरांचा असतो आणि तो खात्याचा नसून शाखेचा असतो, एवढं एक डोक्यात ठेवलं की बाकीचं आपोआप कळत जातं. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या एनईएफटी आणि आरटीजीएस या सोयींसाठी तो लागतो, आयएमपीएसने म्हणजे लगेच पैसे पोचवणाऱ्या सोयीने खात्यावर पैसे टाकतानाही लागतो, यूपीआयमध्ये आपल्याला दिसत नाही पण आत खातं जोडताना तोच वापरलेला असतो.

कोड असा वाचायचा. पहिली चार अक्षरं बँकेची, म्हणजे स्टेट बँक एसबीआयएन, बँक ऑफ महाराष्ट्र एमएएचबी, सारस्वत एसआरसीबी. पाचव्या जागी शून्य, कायम शून्यच, पुढे कधी लागलं तर म्हणून राखून ठेवलेलं. उरलेल्या सहा जागा शाखेच्या. बहुतेक बँका तिथे आकडे घालतात, बँक ऑफ बडोदा मात्र गावाच्या किंवा भागाच्या नावावरून बनवलेली अक्षरं घालते आणि मग ते पाचवं शून्य हटकून ओ म्हणून टाइप केलं जातं, म्हणून त्यांच्या कागदांवर 'पाचवं अक्षर शून्य आहे' असं मुद्दाम लिहिलेलं दिसतं. पहिली चार अक्षरं बँकेचं जुनं नावही जपून ठेवतात बरं का, अ‍ॅक्सिस बँकेचा कोड यूटीआयबीने सुरू होतो कारण २००७ पर्यंत ती यूटीआय बँक होती, पाटी बदलली पण कोड तसाच राहिला.

एमआयसीआर कोड वेगळा, तो चेकसाठी. कुठलाही चेक हातात घ्या, खाली पांढऱ्या पट्टीवर जरा विचित्र जाड आकडे असतात, ते लोहाच्या ऑक्साइडच्या चुंबकीय शाईने छापलेले, मशीनला वाचता यावेत म्हणून. डावीकडून पहिले ६ आकडे चेकचा नंबर, मग ९ आकडी एमआयसीआर, मग खात्याशी संबंधित ६ आकडे आणि शेवटी २ आकडे चेक कुठल्या प्रकारचा ते सांगणारे. त्या ९ मधले पहिले तीन शहराचे आणि ते साधारण पिनकोडच्या पहिल्या तिनाशी जुळतात, मुंबई ४००, पुणे ४११, नागपूर ४४०. मधले तीन बँकेचे, स्टेट बँक ००२, महाराष्ट्र बँक ०१४. शेवटचे तीन शाखेचे. म्हणजे ४११०१४ असं सुरू झालं की पुण्यातली महाराष्ट्र बँक, डोळे झाकून सांगता येतं. त्या पट्टीवर सही करू नका, स्टेपल मारू नका असं काउंटरवरच्या मॅडम ओरडतात ते याच्यासाठी. आता चेक स्वतः फिरत नाही, त्याचा फोटो आणि ही ओळ तेवढी पुढे जाते.

आरटीजीएस मार्च २००४ मध्ये आलं, एनईएफटी नोव्हेंबर २००५ मध्ये. त्याआधी परगावी पैसे पाठवायचे म्हणजे डीडी काढा नाहीतर आउटस्टेशन चेक टाकून दिवस मोजत बसा. एनईएफटीचं काम एसटीच्या फेऱ्यांसारखं चालतं, दर अर्ध्या तासाला एक बॅच सुटते, १६ डिसेंबर २०१९ पासून दिवसरात्र, रविवारीसुद्धा. कोडवरून गाडी कुठल्या बँकेकडे जायची ते ठरतं आणि तिथे पोचल्यावर पैसे जमा होतात ते खाते नंबर बघून. इथेच लोकांचा घोटाळा होतो. कोथरूडऐवजी कर्वेनगरच्या शाखेचा कोड पडला, बँक तीच आहे आणि खाते नंबर बरोबर आहे, तर पैसे बहुतेक वेळा नीट पोचतात कारण कोअर बँकिंगमध्ये सगळ्या शाखांची खाती एकाच सर्व्हरवर असतात. पण खाते नंबरचा एक आकडा चुकला आणि तो नंबर दुसऱ्या कुणाचा निघाला तर पैसे त्याच्याकडे, नाव काहीही लिहा, कारण फक्त खाते नंबरवर जमा केलं तरी चालेल हे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच सांगून ठेवलंय. पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी करावी असा आदेश निघाला, माझ्या मते हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

कोड शाखेचा असल्यामुळे शाखेचं जे होतं तेच कोडचं होतं, आणि गेल्या काही वर्षांत सरकारी बँकांचं एवढं विलीनीकरण झालं की लोकांच्या पासबुकांवरचे कोड ढिगाने मेले. स्टेट बँकेत १ एप्रिल २०१७ ला पाच सहयोगी बँका आणि महिला बँक आल्या, पुढच्या वर्षी जवळपास १३०० शाखांची नावं आणि कोड बदलले. देना आणि विजया बँक ऑफ बडोद्यात गेल्या, त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद. सिंडिकेट कॅनरात गेली, तिचे कोड १ जुलै २०२१ पासून बंद, पण तिथे कुणीतरी डोकं चालवलेलं दिसतं, एसवायएनबी जाऊन सीएनआरबी आलं आणि शाखेच्या नंबरात १०००० मिळवले, म्हणजे ३६८७ ची झाली १३६८७, जुन्या गिऱ्हाईकाला पाठ करायला नवीन काही नाही.

बाकी ठिकाणी असं सोपं नव्हतं. आमच्या आईच्या एका जुन्या पॉलिसीचे पैसे दोनदा परत गेले, कारण दहा वर्षांपूर्वी भरलेल्या फॉर्मवर जुनाच कोड होता, शाखा तिथेच, बाहेरचा झेरॉक्सवाला तोच, फक्त पाटी नवीन. शेवटी नवीन चेकबुक मागवून त्यातला एक कॅन्सल्ड चेक जोडला तेव्हा काम झालं. त्यामुळे पेन्शन, भाड्याचे पैसे, एसआयपी, जिथे जिथे बँकेची माहिती एकदा भरून विसरलोय तिथे विलीनीकरणानंतर एकदा बघून घ्यावं. आपणहून शाखा बदलली तरी हेच, खाते नंबर सहसा तोच राहतो, आयएफएससी नव्या शाखेचा होतो.

सहकारी बँकांची गंमत वेगळी. मोठ्या सहकारी बँकांचे स्वतःचे कोड आहेत, लहान नागरी बँका मात्र एनईएफटीसारख्या यंत्रणेत मोठ्या बँकेच्या हाताखाली सब-मेंबर म्हणून घुसतात, त्यामुळे तालुक्याच्या बँकेत खातं आणि कोडची पहिली चार अक्षरं कुठल्यातरी खासगी बँकेची, हे बघून गावाकडचे लोक घाबरून फोन करतात की चुकीचा कोड दिला काय. चुकीचा नसतो. पतसंस्था तर बँकच नव्हे, त्यामुळे तिला स्वतःचा कोड नाही.

अमेरिकेतला राउटिंग नंबर याचा लांबचा भाऊ, वयाने बराच मोठा, १९१० मध्ये अमेरिकन बँकर्स असोसिएशनने काढलेला. ९ आकडी, पहिले दोन आकडे सहसा फेडरल रिझर्व्हच्या १२ विभागांपैकी कुठला ते सांगतात, ०१ बॉस्टन, ०२ न्यूयॉर्क असे १२ सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत, आणि नववा आकडा आधीच्या आठांवरून हिशेबाने काढलेला असतो, एखादा आकडा चुकला तर कॉम्प्युटर तिथल्या तिथे नाही म्हणतो. आपल्या आयएफएससीत असा आकडाच नाही, कोड यादीत आहे की नाही एवढंच तपासलं जातं. पण तिकडचा नंबर शाखेगणिक नसतो, मोठ्या बँकेचे राज्यागणिक वेगळे, कधी वायरचा, म्हणजे बँकेतून थेट दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याचा, आणखी वेगळा. न्यू जर्सीतला भाचा फोनवर राउटिंग नंबर विचारतो आणि मामा चेकवरचा ९ आकडी एमआयसीआर वाचून दाखवतात, आकडे मोजून बरोबर भरतात म्हणून कुणाला शंका येत नाही. तिकडून इकडे पैसे यायला एमआयसीआर चालत नाही, बँकेतून वायर करायची तर स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा कोड, लागतो, तो प्रत्येक शाखेला असतोच असं नाही, तेव्हा बँकेच्या परदेशी व्यवहार करणाऱ्या शाखेचा स्विफ्ट आणि आपल्या शाखेचा आयएफएससी असे दोन्ही कळवायचे.