ऑफशोअर

ऑफशोअर : किनाऱ्यापासून समुद्राकडची दिशा, तसेच किनाऱ्यापलीकडचे समुद्रातील स्थान दाखवणारा इंग्रजी शब्द. तो विशेषण व क्रियाविशेषण अशा दोन्ही प्रकारे येतो. विरुद्धार्थी शब्द ‘ऑनशोअर’.

‘ऑफ’ आणि ‘शोअर’ या दोन शब्दांचा हा जोड इंग्रजीत सु. १७२० पासून आढळतो. त्यातला ‘शोअर’ सु. १३०० पासून किनारा या अर्थाने दिसतो. मध्य डच व मध्य लो जर्मन या भाषांतही त्याचे जुळे शब्द आहेत. मूळ धातू ‘कापणे’ या अर्थाचा, यावर बहुतेकांचे एकमत आहे. मतभेद आहे तो काय कापले गेले याबद्दल. एका मतानुसार जमीन आणि पाणी जिथे विभागले जातात ती कड म्हणजे शोअर. दुसरे मत असे, की उत्तर समुद्राच्या सखल किनाऱ्यावर भरतीच्या दलदलीमुळे मुख्य भूमीपासून तुटलेल्या जमिनीला आधी हे नाव असावे. जुन्या इंग्रजीतील पुरावा तुटपुंजा आहे. हा शब्द युरोप खंडातून इंग्लंडात आला असल्यास दुसरे मत अधिक सयुक्तिक ठरते. संस्कृत ‘कृत्’ (कापणे) हा धातूही याच कुळातला मानतात, म्हणजे ‘कर्तरी’वरून आलेली आपली कात्री ‘शोअर’ची दूरची नातेवाईक ठरते. ‘ऑफ’ हे ‘ऑव्ह’चेच जोर देऊन उच्चारलेले रूप असून त्याचे नाते संस्कृत ‘अप’ या उपसर्गाशी आहे. हिंदी परिभाषेतला ‘अपतटीय’ हा प्रतिशब्द त्यामुळे अर्थाने जुळतोच, शिवाय त्याचा उपसर्गही ‘ऑफ’चाच सगोत्र निघतो.

दिशा आणि स्थान या दोन अर्थांमुळे वाऱ्याच्या बाबतीत घोटाळा होतो. हवामानशास्त्रात ऑफशोअर वारा म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, तेव्हा वाहणारे मतलई वारे या प्रकारचे. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे ऑनशोअर. एरवी वाऱ्याला नाव मिळते ते तो जिकडून येतो त्या दिशेचे (नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात), पण इथे मात्र तो जिकडे जातो त्यावरून नाव पडले आहे. ‘ऑफशोअर पवनऊर्जा’ या प्रयोगात दिशेचा संबंधच उरत नाही. पवनचक्क्या समुद्रात उभ्या आहेत, एवढेच त्यातून कळते. असा पहिला प्रकल्प १९९१ मध्ये डेन्मार्कमधील व्हिंडेबी येथे ११ पवनचक्क्यांचा उभा राहिला. भारताचे ऑफशोअर पवनऊर्जा धोरण २०१५ चे आहे.

समुद्रस्नानाला गेलेल्यांना ऑफशोअर वारा फसवतो. किनाऱ्यालगतचे पाणी त्याने शांत दिसते, पण हवा भरलेली तराफ्यासारखी खेळणी तो पाहता पाहता खोल पाण्यात नेतो. लाटांवर फळी चालवणाऱ्यांना मात्र हाच वारा हवा असतो, कारण समोरून येऊन तो फुटू पाहणाऱ्या लाटेला थोडा वेळ उभी धरतो. भूरूपशास्त्रात लाटा फुटतात त्या पट्ट्यापलीकडच्या समुद्रतळाला ऑफशोअर म्हणतात.

महाराष्ट्रात हा शब्द रुळला तो मुख्यतः खनिज तेलामुळे. मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० किमी.वर असलेले बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधन-जहाजाच्या साहाय्याने सापडले आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. तेथील मचाणांवर पाळीने काम करणारे लोक ‘ऑफशोअरला असतो’ असे सांगतात. मराठीत शब्दाचे नामच झाले आहे.

अमेरिकेबाहेरचे, परदेशातले, हा अर्थ १९४८ च्या सुमारास मार्शल योजनेतील (दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने दिलेल्या मदतीतील) खरेदी-व्यवहारांतून आला. पुढे परकी बँका व कंपन्यांनाही तो लागू झाला. परकीयांचा पैसा कमी करांत सांभाळणाऱ्या ठिकाणांना ऑफशोअर केंद्रे म्हणतात. त्यांपैकी चॅनल व केमन बेटांच्या बाबतीत समुद्र निदान शिल्लक आहे; स्वित्झर्लंड, लक्झेंबर्ग या समुद्रकिनारा नसलेल्या देशांची गणनाही अशा केंद्रांत होते. संगणक-उद्योगात परदेशी ग्राहकाच्या जागी जाऊन केलेले काम ‘ऑनसाइट’ आणि भारतातून केलेले ‘ऑफशोअर’. त्यामुळे घाटमाथ्यामागच्या हिंजवडीतला अभियंताही ऑफशोअरच असतो.