मिशनच्या होममध्ये मूल गेलं की कायमचं गेलं?

"एकदा मिशनच्या होममध्ये मूल दिलं की आईला परत मिळत नाही" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती साहजिकच आहे. पण मूल कुठे ठेवायचं, घरी कधी पाठवायचं हे तिथले फादर-सिस्टर ठरवतच नाहीत, ते बाल कल्याण समिती (मुलांच्या प्रकरणांसाठी सरकारने नेमलेली जिल्ह्याची समिती) ठरवते, मूल सापडल्यावर २४ तासांत (प्रवास सोडून) तिच्यासमोर न्यावं लागतं, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४० म्हणतं की मुलाला परत घरी पोचवणं हाच होमचा मुख्य उद्देश. घरातच मारणारा बसला असेल तर वेळ लागतो, ते वेगळं. चेक करायचंय? ऑफिसात कलम ४१ चं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा, चर्चचं असो की मठाचं, सगळ्यांना लागतं, मुदत ५ वर्षं, तारीख बघा. आणि समितीच्या ऑर्डरची कॉपी मागून रेशनकार्डासोबत ठेवा.